ओकचे झाड आणि चक्रवाढ व्याज

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

ब्रिटनमध्ये वुडलँड हेरिटेज या नावाची एक धर्मादाय संस्था आहे. 1994 साली ती स्थापन केली ती वनाधिकाऱ्यांनी नव्हे, जमीनदारांनीही नव्हे, तर लाकडी सामान घडविणाऱ्या दोन कारागिरांनी. ज्या झाडांच्या लाकडावर आपली उपजीविका झाली, त्या झाडांच्या ऋणातून काही अंशी तरी मुक्त व्हावे, भूमीला काही परत द्यावे, एवढीच त्यांची साधी प्रेरणा होती. एका दूरच्या देशातील या लहानशा संस्थेची दखल समाजवादी कार्यकर्त्याने का घ्यावी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु या संस्थेच्या कामातून अर्थशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आणि राजकारणातील तितकाच मूलभूत दुसरा प्रश्न, असे दोन्ही समोर येतात. पहिला प्रश्न हा की, ज्या कामाचे फळ करणाऱ्याच्या हयातीत मिळत नाही, ते काम बाजार करील काय? आणि दुसरा हा की, ते काम बाजार करणार नसेल, तर ते दानधर्मावर सोडून चालेल काय?

संस्थेचे काम प्रथम समजून घेतले पाहिजे. झाड वाढविणारा, ओंडके कापणारा आरागिरणीवाला आणि फळीला आकार देणारा सुतार, हे तिघेही एकाच धंद्याचे घटक. पण आधुनिक बाजारपेठेत त्यांची परस्परांशी ओळख उरलेली नाही. वनमालकाला चांगल्या ओंडक्याची पारख नाही. सुताराला उभे झाड वाचता येत नाही. तो वखारीतून परदेशी फळी आणतो. या तिघांना एकत्र बसविणे हे या संस्थेचे मुख्य कार्य. तिच्या अभ्यासवर्गांत शिकणारे उभ्या झाडापासून आरीपर्यंत आणि आरीपासून कारखान्यापर्यंत लाकडाचा सारा प्रवास डोळ्यांनी पाहतात. ओकच्या झाडांना जडलेल्या नव्या रोगाच्या संशोधनासाठीही संस्थेने निधी उभारला. तिच्या विचाराचे सूत्र असे सांगता येईल : ज्या वनातील लाकडाला मानाचा उपयोग आहे आणि त्या उपयोगाचे मोल वन राखणाऱ्याच्या हाती पडते, तेच वन टिकते.

‘झाडे लावा, झाडे जगवा’ या घोषणेवर वाढलेल्या आपल्या मनाला हे सूत्र प्रथमदर्शनी विचित्र वाटते. झाड तोडून वन कसे टिकेल? परंतु ब्रिटनमधील वने ही माणसाच्या हाताखालून शतकानुशतके गेलेली वने आहेत. ठराविक वर्षांनी झाड बुंध्याशी तोडायचे, खुंटातून आलेले फुटवे वाढू द्यायचे, पुन्हा तोडायचे, आणि मधूनमधून काही ओक पूर्ण वाढीसाठी राखून ठेवायचे, अशी ती पद्धत होती. त्यामुळे जमिनीवर ऊन पोचे, रानफुले फुलत, फुलपाखरे व पक्षी नांदत. हे काम थांबले तेव्हा झाडांची दाटी झाली, खोडे सडपातळ आणि वाकडी राहिली, खालची वनस्पती अंधारात मेली. हरणांनी कोवळे कोंभ खाल्ले, आणि अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींनी कोवळ्या झाडांच्या साली सोलून काढल्या. दुर्लक्ष म्हणजे संरक्षण नव्हे, हा येथील पहिला धडा आहे. आज इंग्लंडमधील वनांपैकी सुमारे दोन पंचमांश क्षेत्र असे आहे की, जेथे नियोजनपूर्वक जोपासना होत असल्याचे दिसत नाही.

आता आकड्यांकडे वळू. ब्रिटनच्या भूमीपैकी सुमारे 13 टक्के भाग वनांखाली आहे. युरोपच्या मानाने हे प्रमाण फारच कमी. देशाला लागणाऱ्या लाकडापैकी व लाकडाच्या वस्तूंपैकी सुमारे 80 टक्के बाहेरून येते. आणि जे थोडे पानगळी लाकूड देशात तोडले जाते, त्यातील मोठा भाग चुलीत आणि शेगडीत जातो. म्हणजे घरचे ओक जाळायचे आणि टेबलासाठी परक्याचे लाकूड विकत घ्यायचे, असा हा व्यवहार. यात केवळ परकीय चलनाचा प्रश्न नाही. जो देश आपले वन न्याहाळण्यापुरते राखतो आणि आपली गरज दुसऱ्याच्या वनातून भागवितो, तो वनसंरक्षण करीत नसून वनतोडीची जागा बदलीत असतो. म्यानमारमध्ये 2021 साली लष्कराने सत्ता बळकावल्यावर त्या देशाच्या सरकारी लाकूड महामंडळावर ब्रिटनने निर्बंध घातले, ते उगीच नव्हे. सागाच्या एकेका फळीमागे कोणाची सत्ता उभी असते, हे त्यावरून कळले.

ही अवस्था एका दिवसात आली नाही. 1217 साली इंग्लंडमध्ये वनांची सनद निघाली. मॅग्ना कार्टाचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण ती सनद मुख्यतः सरदारांची होती. वनांच्या सनदेने सामान्य माणसाला राजाच्या वनात गुरे चारण्याचे, सरपण घेण्याचे, डुकरे सोडण्याचे हक्क मान्य केले. ही सनद कायद्याच्या पुस्तकातून अधिकृतपणे काढली गेली ती 1971 साली. परंतु तिचा प्राण त्यापूर्वीच गेला होता. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनी गावोगावच्या सामायिक जमिनींना कुंपणे पडली, त्या खाजगी झाल्या, आणि रानाशी असलेला रयतेचा रोजचा संबंध तुटला. ज्याचा हक्क गेला त्याचे लक्ष गेले. ज्याचे लक्ष गेले त्याचे कसबही काही पिढ्यांत गेले.

दुसरीकडे आरमाराची भूक होती. नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात इंग्लंडला ओक अपुरा पडू लागला, तेव्हा त्या साम्राज्याची दृष्टी मलबारच्या सागावर गेली. 1806 साली मलबारच्या वनांवर ब्रिटिशांनी खास अधिकारी नेमला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कुशल जहाजबांधकांनी सागाची लढाऊ जहाजे बांधली. त्यांपैकी 1817 साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. घरचे लाकूड न वाढविता साम्राज्यातील लाकूड आणायचे, ही सवय तेव्हापासूनची आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्यात आले, खंदकांना आणि कोळशाच्या खाणींना लाकूड मिळेना, तेव्हा देशाचे डोळे उघडले. त्या वेळी ब्रिटनमध्ये जेमतेम पाच टक्के भूमीवर वन उरले होते. 1919 साली सरकारी वन आयोग स्थापन झाला तो या धक्क्यातून. बाजाराने शतकभर जे केले नाही, ते करण्यासाठी अखेर राज्यसंस्थेलाच पुढे यावे लागले.

मात्र राज्यसंस्थेने पुढे येणे पुरेसे नसते, हेही पुढील इतिहासाने दाखविले. लवकर वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडांच्या एकसुरी रांगा डोंगरांवर उभ्या राहिल्या. देशाला लाकूड मिळाले हे खरे. पण अनेक जुनी पानगळी वने त्यांच्याखाली गाडली गेली. 1980 च्या दशकात तर करसवलतींच्या आधारे श्रीमंतांनी उत्तर स्कॉटलंडच्या दलदलीच्या पठारावर अशी झाडे लावून घेतली. त्या भूमीशी त्यांचा संबंध केवळ आयकराच्या विवरणपत्रापुरता होता. 1988 च्या अंदाजपत्रकात ही सवलत रद्द झाली. त्याच पठाराला 2024 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि तेथील पुष्कळ झाडे काढून दलदल पूर्ववत करण्याचे काम सुरू आहे. जोपासनेवाचून दिलेले अनुदान वनाला पोचत नाही, ते मालकाच्या खिशात थांबते.

आता मूळ आर्थिक प्रश्नाकडे येऊ. चांगल्या प्रतीचे लाकूड देण्यासाठी ओकला शंभर-सव्वाशे वर्षे लागतात. समजा, 120 वर्षे धरली. आज लावणीवर एक रुपया खर्च झाला आणि भांडवलावर दरसाल चार टक्के सुटावेत अशी अपेक्षा असेल, तर चक्रवाढीने 120 वर्षांनी त्याचे सुमारे 110 रुपये झाले पाहिजेत. अपेक्षा सहा टक्क्यांची असेल, तर एक हजाराहून अधिक. झाड काही चक्रवाढीचे गणित शिकलेले नसते; ते आपल्या गतीने वाढते. जर्मन वनशास्त्रज्ञ मार्टिन फाउस्टमान याने 1849 सालीच हा हिशेब सूत्रात मांडला होता. मधल्या विरळणीचे उत्पन्न जमेस धरले, तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही : व्याजाच्या तराजूत घातले की सावकाश वाढणारे झाड नेहमी हलके भरते. मग भांडवल काय करते? लवकर वाढणारे झाड लावते, नाहीतर असलेले वन तोडून पैसा दुसरीकडे गुंतविते, नाहीतर वनाला शिकारीचे आणि प्रतिष्ठेचे साधन करून ठेवते.

याचा अर्थ ओक लावणे हे मूर्खपणाचे आहे असा नव्हे. व्याजाचा दर हे काळ मोजण्याचे सदोष माप आहे, असा याचा अर्थ आहे. व्यक्तीचे आयुष्य मर्यादित असते, म्हणून तिला आजचा रुपया उद्याच्या रुपयाहून मोठा वाटतो. समाज मरत नाही. त्याच्या दृष्टीने नातवाची गरज ही आजोबाच्या गरजेहून हलकी ठरण्याचे कारण नाही. खुद्द ब्रिटिश अर्थखात्याच्या मार्गदर्शिकेतसुद्धा सार्वजनिक प्रकल्पांचा विचार करताना तीस वर्षांपलीकडच्या काळासाठी हा दर उतरता धरण्यास सांगितले आहे. म्हणजे भांडवलशाहीच्या माहेरघरीही हे अर्धेमुर्धे मान्य झाले आहे की, दीर्घ मुदतीचा हिशेब खाजगी सावकाराच्या वहीत मांडता येत नाही.

येथे वुडलँड हेरिटेजसारख्या संस्थांचे खरे मोल ध्यानात येते. त्यांच्या कार्यात गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेची छाया दिसते : वन आपले नाही, पुढच्यांचे आहे, आपण केवळ सांभाळ करणारे. ऑक्सफर्डशायरमध्ये सिल्वा फाउंडेशन या दुसऱ्या एका धर्मादाय संस्थेने 2010 साली एक उद्बोधक उपक्रम केला. सुमारे सव्वादोनशे वर्षांचा एक ओक शाळकरी मुलांच्या देखत तोडण्यात आला, आणि त्याच्या लाकडाचा शेवटपर्यंत माग ठेवण्यात आला. तुळया, टेबले, खुर्च्या, कोरीव कामे, कोळसा, सरपण, अगदी भुसासुद्धा, कशाचे काय झाले हे लोकांपुढे मांडण्यात आले. मुलांनी नवी रोपेही लावली. झाड पडताना मुलांच्या मनाला जे वाटले असेल, ते खरे शिक्षण. खुर्चीला किंमत असते ती दुकानात ठरलेली नव्हे, तर त्या झाडाने घेतलेल्या दोन शतकांची, ही जाणीव ज्या समाजात रुजते, तो समाज वस्तू फेकून देताना थबकतो.

परंतु मित्रहो, येथेच दुसरा प्रश्न उभा राहतो. ही विश्वस्तवृत्ती कोणाच्या भूमीवर फुलवायची आहे? ब्रिटनमधील बहुतांश वने खाजगी मालकीची आहेत. स्कॉटलंडमध्ये ग्रामीण भागातील खाजगी जमिनीपैकी निम्मी जमीन पाचशेहून कमी मालकांच्या हाती आहे. व्यापारी वनातील लाकडाच्या उत्पन्नावर आयकर नाही, वारसा करातही सवलत आहे. धर्मादाय संस्था या मालकाला चांगला विश्वस्त होण्यास शिकवू शकते. त्याला तसे होण्यास भाग पाडू शकत नाही. गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेवर समाजवाद्यांनी घेतलेला जुना आक्षेप येथे जसाच्या तसा लागू पडतो : ज्याला काढून टाकता येत नाही, तो विश्वस्त नव्हे, तो मालकच.

2010-11 साली याची परीक्षा झाली. सरकारी खर्चाला कात्री लावताना तत्कालीन सरकारने इंग्लंडमधील सार्वजनिक वने विकण्याची वा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्याची योजना मांडली. सुमारे अडीच लाख हेक्टरांहून अधिक वनाचा तो प्रश्न होता. ही वने धर्मादाय संस्थांकडे आणि स्थानिक गटांकडेही सोपविता येतील, असे गोड शब्दांत सांगण्यात आले. लोकांनी ते ओळखले. पाच लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन उभे राहिले, डीनच्या वनाच्या परिसरात लोक रस्त्यावर उतरले, आणि फेब्रुवारी 2011 मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने 2012 साली सार्वजनिक वने सार्वजनिकच राहावीत असे सांगितले. त्याच समितीच्या विचारातून पुढे घरच्या लाकडाचा वापर वाढविण्यासाठी ‘ग्रोन इन ब्रिटन’ ही मोहीम उभी राहिली. क्रम लक्षात घ्या : आधी लोकांनी वनावरील आपला हक्क राखला, मग लाकडाचा शहाणा वापर हा विषय राष्ट्रापुढे आला.

स्कॉटलंडमध्ये याच्याही पुढचे पाऊल पडले. मल या बेटाच्या वायव्य भागातील रहिवाशांनी 2006 साली आपल्या सामुदायिक कंपनीमार्फत सरकारी वने विकत घेतली. वन विकणारे, तोडणारे आणि त्यावर रोजगार मिळविणारे तेच. याच कंपनीने 2018 साली शेजारचे उल्वा हे अख्खे बेट गावकऱ्यांच्या वतीने ताब्यात घेतले. जमीनसुधारणेचा कायदा पाठीशी होता म्हणून हे घडले. दानातून नव्हे, कायद्यातून.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे आणि कडूही आहे. हिंदुस्थानात वनखात्याचे मुख्याधिकारी राहिलेले विल्यम श्लिच यांनी 1885 साली इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथे वनशिक्षण सुरू केले आणि 1905 साली ते ऑक्सफर्डला गेले. ब्रिटिशांनी वन सांभाळण्याची विद्या आपल्या रानात शिकून स्वतःच्या घरी नेली. येथे मात्र 1878 च्या कायद्याने त्याच विद्येच्या नावाखाली रयतेला रानातून हुसकले. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा आसूड’मध्ये वनखात्याने गायराने गिळल्याची जी तक्रार मांडली, ती इंग्लंडमधील कुंपणांचीच देशी आवृत्ती होती. 25 सप्टेंबर 1930 रोजी उरण तालुक्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात लोकांनी गोळ्या झेलल्या त्या याच हक्कासाठी.

2006 च्या वनहक्क कायद्याने त्या अन्यायाचे अंशतः परिमार्जन केले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्या दिवशी एका गावाने जे मिळविले, ते ब्रिटनमधील कोणत्याही धर्मादाय संस्थेला तेथील शेतमजुराला देता आलेले नाही. मात्र येथे थांबून चालणार नाही. या हक्कात बांबू, तेंदू ही गौण वनोपजे येतात. इमारती लाकूड येत नाही. आणि जे येते, तेही बहुधा कच्चा माल म्हणूनच गावाबाहेर जाते. बांबू ट्रकमध्ये चढला की त्याचे पुढचे मोल दुसऱ्याचे.

कोकणात चित्र वेगळे आहे, आणि ते ब्रिटनच्या चित्राला अधिक जवळचे आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील रान मुख्यत्वे खाजगी मालकीचे. मालक मुंबईत, रान गावी, आणि सातबाऱ्यावर अनेक भाऊबंदांची नावे. काही वर्षांनी व्यापारी येतो, उभे रान उक्ते विकत घेतो, साफ तोडतो आणि जळाऊ लाकूड म्हणून नेतो. त्यात ऐन, किंजळ सारे एकाच वजनकाट्यावर जाते. खुंटातून फुटवे येतात, ते वाढण्याच्या आत पुन्हा कोयता पडतो. आणि त्याच गावात नवे घर उभे राहते, तेव्हा त्याची दारे-कपाटे बाहेरून आणलेल्या भुशाच्या पत्र्यांची असतात. गावचा सुतार ते पत्रे स्क्रूने जोडण्यापुरता उरतो. ब्रिटनचा ओक शेगडीत गेला, कोकणचा ऐन भट्टीत गेला, अर्थशास्त्र एकच.

म्हणून या विषयातून निघणारा निष्कर्ष असा. ब्रिटनमधील या संस्थांकडे कसब आहे, साखळी जोडण्याची दृष्टी आहे; हक्काचा प्रश्न मात्र त्यांच्या कक्षेबाहेर आहे. आपल्याकडे संघर्षाने हक्क मिळविला, किंवा मिळविण्याची वाट तरी खुली झाली. परंतु झाडापासून पाटापर्यंतची साखळी आपण हाती घेतलेली नाही. हक्काशिवाय जोपासना ही मालकाची मर्जी ठरते. जोपासनेशिवाय हक्क हा व्यापाऱ्याला विकण्याचा कागद ठरतो.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे यातूनच स्पष्ट होतात. ज्या ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, तेथे वनाची दहा-वीस वर्षांची योजना कागदावर आणि रानावर उभी करण्यास साहाय्य करणे. हक्क असलेल्या गावांच्या संघांमार्फत बांबूची प्रतवारी, वाळवण आणि प्रक्रिया गावातच होईल अशा सहकारी संस्था उभारणे. कोकणात उक्त्या तोडीला पर्याय म्हणून निवडक तोड आणि सामायिक विक्री यांसाठी मालकांना एकत्र आणणे, आणि त्या रानात राबणाऱ्या मजुरांना त्यात वाटा मिळवून देणे. सरकारी शाळांच्या बाकांसाठी व अंगणवाड्यांच्या सामानासाठी जवळच्या रानातील लाकूड व बांबू वापरला जावा, अशी मागणी जिल्हा परिषदांमध्ये लावून धरणे. आणि या सर्वांच्या मागे सार्वजनिक पतपुरवठा असावा, ज्याच्या व्याजाचा दर झाडाच्या आयुष्याला धरून असेल.

यांपैकी एकही काम एका निवडणुकीच्या मुदतीत पुरे होणारे नाही. समाजवादी चळवळीला ते जड वाटू नये. जो ओक लावतो त्याला त्याच्या सावलीत बसता येत नाही हे ठाऊक असते, आणि तरी तो खड्डा खणतो. ही वृत्ती दोन कारागिरांच्या ठायी असू शकते, तर संघटित चळवळीच्या ठायी ती असलीच पाहिजे. फरक इतकाच की, चळवळीने खड्डा खणण्यापूर्वी जमीन कोणाची हेही विचारले पाहिजे.